लहान मुलांना घेऊन क्रीटला जाताना

क्रीट या ग्रीक बेटाच्या नकाशावर, चानिया शहराजवळच्या आक्रोतिरी द्वीपकल्पाच्या टोकाला, एका छोट्या किनाऱ्याचं नाव रोमन अक्षरांत अगदी आपल्या भाषेसारखं लिहिलेलं दिसतं. ग्रीक लोक त्याचा उच्चार 'मराथी' करतात आणि त्याचा संबंध बडीशेपेशी आहे. ग्रीकमध्ये 'माराथो' म्हणजे बडीशेप. माझ्या सहा वर्षांच्या मुलीनं ती अक्षरं लावली आणि ठरवून टाकलं की आपण तिथेच जायचं. किनाराही लहान मुलांसाठीच घडवल्यासारखा निघाला: मऊ वाळू, तीन बाजूंनी आडोसा, आणि बऱ्याच अंतरापर्यंत गुडघाभर पाणी.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही तिकडे अकरा दिवस होतो. मी, नवरा, मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि माझी आई. माझे दीर आणि जाऊबाई इंग्लंडहून त्यांच्या बाळाला घेऊन आले. त्या अकरा दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. लहान मुलांची सुट्टी प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून आखायची नाही. ती दोन गोष्टींवर आखायची, मुलांची झोप आणि समुद्रावरचा वारा. खालचं सगळं त्या दोन गोष्टींवरच बेतलेलं आहे.

बेट कुठलं आणि किती दिवस

ग्रीस म्हटलं की डोळ्यांसमोर सान्तोरिनी बेट येतं. पण मूल पाच वर्षांखालचं असेल तर सान्तोरिनी पुढच्या वेळी करा. तिथली ती पांढरी गावं उंच कड्याच्या काठावर वसलेली आहेत. जागोजागी पायऱ्या आहेत, बाबागाडी ढकलता येत नाही आणि मुलाचा हात क्षणभर सोडायची सोय नाही. उथळ, मऊ वाळूचे किनारे क्रीटला भरपूर आहेत. शिवाय तिथे खरीखुरी शहरं आहेत, दवाखाने आहेत, शेती आहे, आणि जेवण स्वस्त आणि ताजं आहे.

मात्र क्रीट मोठं आहे. पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून कोल्हापूर ओलांडून पुढे जाण्याइतकं. इराक्लियो शहर ते चानिया हा एकच पल्ला साधारण १४० किलोमीटरचा आहे आणि मुलांसह तीन तास धरावा लागतो. म्हणून सगळं बेट बघायचा हट्ट सोडा. आठवडाभर असाल तर एकच मुक्काम ठेवा, दहा-बारा दिवस असतील तर जास्तीत जास्त दोन. दर दोन दिवसांनी बॅगा भरल्या की मुलांची झोप पहिल्यांदा बिघडते, मग जेवण, मग आपला स्वभाव.

तारखा

आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीतला सगळ्यात चांगला काळ म्हणजे मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला पंधरवडा. हॉटेलं उघडलेली असतात, पाऊस जवळपास संपलेला असतो, ऊन सोसवतं. लेफ्का ओरी, म्हणजे पांढऱ्या डोंगरांवर, तेव्हा बर्फाचे पट्टे उरलेले असतात आणि ते किनाऱ्यावरून दिसतात. एक उणीव आहे. पाण्याचं तापमान तेव्हा २०-२१ अंशांच्या आसपास असतं. कोकणच्या कोमट समुद्राची सवय असलेलं मूल पहिल्या दिवशी किंचाळून बाहेर पळतं. त्यावर उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख, आणि पाण्यात एका वेळी वीस मिनिटं.

युरोपात राहणाऱ्यांनी शक्य असेल तर सप्टेंबर निवडावा. समुद्र तेव्हा चांगला उबदार, २५ अंशांच्या जवळ असतो. जुलै-ऑगस्ट मी तरी टाळीन, कारण ऊन, गर्दी आणि वारा तिन्ही एकदम येतात. दिवाळीच्या सुट्टीचा विचार करत असाल तर लक्षात ठेवा की ऑक्टोबर संपताना किनाऱ्यालगतची बरीच हॉटेलं आणि खानावळी हंगाम आवरतात.

व्हिसा आणि कागद

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून त्याचा अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावा लागतो. हे १५ दिवस नावालाच. मेमध्ये जायचं असेल तर भेटीची वेळ मिळवायला जानेवारी-फेब्रुवारीतच लागा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या खालच्यांना नाही. अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे एकानेच मुलाला घेऊन जायचं असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र आधी करून ठेवा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा हवा. इथे मुलांचे पासपोर्ट तपासाच, कारण ते पाचच वर्षांचे असतात आणि नेमके अशा वेळी संपत आलेले असतात.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्यांनाही हा व्हिसा वेगळा काढावा लागतो. ब्रिटनच्या व्हिसावर ग्रीसमध्ये प्रवेश मिळत नाही.

पोहोचायचं कसं

क्रीटला मोठे विमानतळ दोन, मध्यावर इराक्लियो आणि पश्चिमेला चानिया. मुक्काम जिकडे तिकडचाच विमानतळ घ्या. इंग्लंडहून उन्हाळ्यात थेट विमानं आहेत आणि साधारण चार तासांत पोचतात. भारतातून आपण अथेन्सला उतरतो, तिथून पाऊण-एक तासाचं विमान.

दुसरा मार्ग मला जास्त आवडला. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्री निघणारी बोट. चार खाटांची खोली घ्यायची, मुलांना आंघोळ घालून झोपवायचं, आणि पहाटे क्रीट. आठ-नऊ तासांचा प्रवास मुलांना कळतही नाही. आमच्या मुलीला अजून विमानं आठवत नाहीत, बोटीतला वरचा पलंग आठवतो.

उन्हाळ्यात ग्रीस आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. म्हणजे पुण्यात साडेआठला झोपणारं मूल तिथे सहालाच पेंगायला लागतं आणि पहाटे चारला उठून बसतं. पहिले दोन-तीन दिवस याच्याशी भांडू नका. जेवण साडेपाचला उरका आणि सकाळी सातला किनाऱ्यावर जा. त्या वेळी किनारा रिकामा असतो, ऊन कोवळं असतं आणि वारा बहुतेक उठलेला नसतो.

मुक्काम निवडताना

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी पश्चिम क्रीट सुचवते. चानियाच्या पश्चिमेला स्तालोस, अयिया मरीना, प्लातान्यास ही गावं ओळीनं आहेत. वाळू चांगली, दुकानं हाकेच्या अंतरावर, चानियाला बस सतत. शांतता हवी असेल तर पूर्वेकडचं अल्मिरिदा बघा. लहानसा उपसागर, उथळ पाणी, काठावर चार-सहा खानावळी, आणि वारा असला तरी बराच आडोसा. आम्ही पहिले सात दिवस तिथे होतो. दक्षिण किनारा फार देखणा आहे, पण डोंगरातला रस्ता इतका वळणावळणाचा की गाडी लागणाऱ्या मुलांचे हाल होतात.

हॉटेलच्या खोलीपेक्षा छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तिथे अशा खोलीला 'स्टुडिओ' म्हणतात. आरक्षण करण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, गच्चीच्या कठड्याच्या गजांमध्ये अंतर किती, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का (बहुतेक ठिकाणी नसतं), बाळासाठी घडीची खाट मिळेल का, कपडे धुण्याचं यंत्र आहे का. हॉटेलवर खोलीमागे रोज एक सरकारी कर वेगळा द्यावा लागतो आणि तो हॉटेलच्या ताऱ्यांनुसार वाढतो, तो हिशेबात धरा. आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की तिथे शौचालयात कागद टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा. नळ्या अरुंद असतात आणि तुंबतात.

गाडी आणि मुलाची खुर्ची

उत्तर किनाऱ्याच्या मुख्य रस्त्यावर बस चांगली आहे, पण मुलांच्या झोपेच्या वेळा सांभाळायच्या तर गाडी हवी. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढायचा, तिथे जाऊन मिळत नाही. गाड्या उजव्या बाजूने चालतात. हमरस्त्यावर हळू जाणारे लोक कडेच्या पट्ट्यावर सरकून मागच्याला वाट देतात आणि तुम्हीही द्याल अशी अपेक्षा असते. वळण पुढे दिसत असेल आणि पट्टा मोकळा असेल तरच सरका. मागच्याच्या घाईसाठी आपली गाडी धोक्यात घालू नका.

१.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला कायद्यानं खुर्ची लागते. 'चाइल्ड सीट हवी' एवढंच लिहून भागत नाही. आम्ही तेवढंच लिहिलं होतं, आणि रात्री नऊला आमच्यासमोर नुसती बूस्टरची उशी आली, जी सहा वर्षांच्या मुलीला चालली असती, अडीच वर्षांच्या मुलाला नाही. दुसरी येईपर्यंत दोन्ही मुलं सामानावर झोपली. म्हणून प्रत्येक मुलाचं वय, वजन आणि उंची लिहून पाठवा, उत्तर छापून घ्या, आणि गाडी सुरू करण्याआधी खुर्ची हलवून बघा. पट्टा आवळल्यावर ती बोटभरही सरकता कामा नये.

समुद्र: वारा कुठून येतोय ते आधी बघा

यावर मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते. कोकणात वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटतं. सकाळी जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे संध्याकाळीही तेवढंच. त्यामुळे आपण गाफील होतो. इथे समुद्राची तब्येत वारा ठरवतो. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, उत्तरेकडून 'मेल्तेमी' वारा वाहतो आणि उत्तर किनाऱ्यावर लाटा आपटायला लागतात. वारा दुपारी वाढतो. याच दिवसांत येऑर्गियुपोलीसारख्या लांबलचक मोकळ्या किनाऱ्यावर पाण्याखाली जोराची ओढ तयार होते. किनारा अतिशय सुंदर आहे, शांत दिवशी मुलांना जरूर न्या, पण लाटा दिसल्या तर वाळूतच खेळा.

दक्षिण किनाऱ्यावर उलट होतं. तोच वारा डोंगर उतरून समुद्राच्या दिशेनं जातो. पाणी आरशासारखं सपाट दिसतं, आणि फुगवलेला हंस किंवा गादी मुलासकट पाहता पाहता खोल पाण्यात जाते. लहान मुलांसाठी फुगवायची खेळणी घेऊच नका. दंडावरचे फुगे किंवा छातीला बांधायचं जाकीट हे पोहायला मदत म्हणून ठीक, पण मूल पाण्यात असताना एक मोठं माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर असलंच पाहिजे. आम्ही पाळी लावली होती, अर्धा तास बाबा, अर्धा तास आई, आणि ज्याची पाळी त्याच्या हातात फोन नाही.

रोज सकाळी करायचं एवढंच: हवामानाच्या ॲपवर वाऱ्याची दिशा आणि वेग बघायचा. उत्तरेचा जोराचा वारा असेल तर आडोशाचा किनारा, म्हणजे अल्मिरिदा किंवा मराथी. वारा पडलेला असेल तर मोकळे मोठे किनारे. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पोहायचं नाही, मग शेजारचे पोहत असले तरी.

पाण्यासाठी मऊ रबरी बूट सगळ्यांना घ्या. खडकांवर काळे काटेरी समुद्री साळ असतात आणि त्यांचा काटा पायात मोडला की काढताना मूल आकांत करतं. अकरा ते चार ऊन डोक्यावर असतं. त्या वेळात जेवण, झोप, गोष्टी. हे पाच तास घरात काढायला सुरुवातीला जिवावर येतं, पण संध्याकाळी साडेचारला ताजीतवानी मुलं घेऊन परत किनाऱ्यावर गेलं की उजेड आठ-साडेआठपर्यंत आपलाच असतो.

जेवण

माझी आई शाकाहारी आहे आणि निघण्याआधी तिला जेवणाचीच काळजी होती. ती तिसऱ्या दिवशी मिटली.

ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक वर्षात पुष्कळ उपास करतात, त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे बिनमांसाचा स्वयंपाक त्यांच्या घरचाच आहे. खानावळीत 'लादेरा' काय आहे ते विचारा, म्हणजे ऑलिव्हच्या तेलात शिजवलेल्या भाज्या. त्यात फरसबी असते, टोमॅटोतली भेंडी असते. 'फावा' म्हणजे पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि लिंबू. 'येमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची. मात्र त्यात कधी खिमा असतो, आणि त्याला तिथेही 'कीमा'च म्हणतात. 'होरीस कीमा', खिम्याशिवाय, हे दोन शब्द पाठ करून जा. चानियाकडचं 'बुरेकी' दुधीसारखी भाजी, बटाटा आणि ताजं चीज घालून भाजतात, ते मुलीला फार आवडलं. धाकट्यासाठी दही रोज, आणि 'रिझोगालो', म्हणजे दालचिनी भुरभुरवलेली थंड तांदळाची खीर. दह्यावर मध घालून देतात. तो एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात देऊ नका.

अल्मिरिदात आम्ही संध्याकाळी सहाला जेवायला जायचो, तेव्हा खानावळ रिकामी असायची. मालकांच्या आई दाराशी बसून पालेभाजी निवडत. काळा पोशाख, मांडीवर परात. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या मुलाच्या गालाला हात लावला, काहीतरी कौतुकाचं बोलल्या आणि लगेच 'फ्तू, फ्तू, फ्तू' असं थुंकल्यासारखं केलं. मी चमकले. आई मात्र हसून म्हणाली, "अगं, दृष्ट लागू नये म्हणून करतायत त्या." खरंच तसंच होतं. त्यानंतर या दोघी रोज शेजारी बसून भाजी निवडत. एकमेकींचं एक अक्षर कळत नसताना.

बरोबर काय न्यायचं? युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर घरीच ठेवा. बाळाच्या दुधाची पावडर आणि बंद पाकिटातला शिशुआहार ठरावीक प्रमाणात चालतो. कढीपत्ता, ताज्या मिरच्या, आंबे नेऊ नका. मेतकूट, मूगडाळ, थोडा तांदूळ, हिंग-हळदीची पुडी न्या. प्रवासानं दमलेल्या मुलाला पहिल्या रात्री मऊ भात-मेतकूट मिळालं की ते शांत झोपतं.

फिरणं: दिवसाआड एक, तेही सकाळी

क्नोसोस, म्हणजे प्राचीन राजवाड्याचे अवशेष, इराक्लियोपासून ५ किलोमीटरवर आहे. सर आर्थर एव्हान्स यांनी १९०० साली तिथे मोठं उत्खनन सुरू केलं. सावली फार कमी, म्हणून दार उघडतानाच पोचा आणि दीड तासात निघा. भूलभुलैयात राहणारा, बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर आणि दोऱ्याच्या मदतीनं बाहेर आलेला थीसियस, ही गोष्ट आधीच्या दोन-तीन रात्री सांगून ठेवा. आमच्या मुलीनं खिशात लोकरीचा गुंडा नेला होता. गोष्ट ठाऊक नसेल तर मुलांना ते नुसते दगड वाटतात. इराक्लियोच्या पूर्वेला गूर्नेसचं मत्स्यालय आहे, दुपारच्या उन्हाच्या वेळी तिथे जाणं सोयीचं.

एलाफोनिसीची गुलाबी झाक असलेली वाळू आणि पसरट उथळ पाणी मुलांसाठी खरंच अपूर्व आहे. चानियाहून ७५ किलोमीटर, पण दीड-दोन तास आणि भरपूर वळणं. सात वाजता निघा, रिकाम्या पोटी नाही आणि भरल्या पोटीही नाही. वाळू किंवा शिंपले घरी आणायला मनाई आहे, मुलांना आधीच सांगा. बालोसचा किनारा मात्र लहान मुलांसह करू नका. एक तर खडबडीत कच्चा रस्ता, त्यावर भाड्याच्या गाडीचा विमा बहुधा लागू होत नाही, आणि नंतर उन्हात मुलाला कडेवर घेऊन चढण.

चानिया आणि इराक्लियोच्या मधल्या रेथिम्नो शहराच्या किनाऱ्यावर वाळूत काही ठिकाणी चौकटी लावलेल्या दिसतील. त्याखाली कॅरेटा जातीच्या समुद्री कासवांची अंडी असतात. मुलांना वेळासच्या कासवांची गोष्ट माहीत असेल तर ती इथे लगेच जोडता येते. रात्री त्या किनाऱ्यावर विजेरी लावू नका आणि निघताना वाळूत खणलेले खड्डे बुजवा, कासवांना ते अडतात. येऑर्गियुपोलीजवळच्या कूर्नास तळ्यात पायानं चालवायच्या होड्या आहेत. वाऱ्यामुळे समुद्र बंद असेल त्या दिवसासाठी तळं राखून ठेवा.

दुखलं-खुपलं तर

हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधांचं दुकान. औषधवाले इंग्रजी बोलतात आणि साध्या तक्रारींवर चांगला सल्ला देतात. रात्री आणि रविवारी पाळीनं एखादंच दुकान उघडं असतं, त्याचं नाव बंद दुकानाच्या दारावर लावलेलं असतं. तापाचं औषध, मोजायचा चमचा, ओआरएसची पाकिटं, डॉक्टरांची चिठ्ठी घरूनच न्या. तातडीचा क्रमांक ११२.

शेवटचा दिवस

परतीचं विमान दुपारनंतरचं असेल तर सकाळी खोली सोडून मराथीला जा. चानिया विमानतळापासून ते गाडीनं वीसेक मिनिटांवर आहे. एका बॅगेत वरच कोरडे कपडे, दोन टॉवेल आणि ओल्या कपड्यांसाठी जाड पिशवी ठेवा. मुलांना दोन तास पाण्यात खेळू द्या, अंगावरचं मीठ धुवा, सावलीत जेवा. तिथे किंवा चानियात 'माराथोपिता' मिळाली तर नक्की मागवा. रानबडीशेपेचा पाला भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी असते, दिसायला आपल्या पराठ्यासारखी. आईनं एक खाल्ली आणि दुसरी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. विमानात मुलगा भुकेनं जागा झाला तेव्हा तीच कामाला आली.